आवडीचा खडा

रंगीत खड्यांच्या अलंकारांविषयीं बोलावयास मी आज आपल्यापुढें बसलें आहें. परंतु या विषयावरील माझा अधिकार विचाराल, तर तो एका अंगठीपुरताच आहे. मी जव्हेरी नव्हे, ज्योतिषी नव्हे, आणि माझ्या घरीं दागिन्यांचे डबे भरून ठेवलेले आहेत असेंही नाहीं. चांदीच्या साध्या वळ्यांत बसविलेला, हरभऱ्याहून थोडासा मोठा असा एक जांभळा खडा गेलीं तीस वर्षें माझ्या बोटांत आहे; त्यापूर्वींचीं तीस वर्षें तो माझ्या आत्याच्या बोटांत होता. तो दृष्टीस पडला कीं लोक एकच प्रश्न विचारतात : “कोणत्या ग्रहासाठीं?” एखादा चौकस मनुष्य पुढें आणखी विचारतो, “केवढ्याचा?” साडीच्या रंगाला कोणी कुंडली विचारीत नाहीं, फुलाच्या रंगाला कोणी भाव विचारीत नाहीं. खडा मात्र दिसला, कीं त्याला ग्रहाचें तरी कारण पाहिजे, नाहीं तर किंमतीचें तरी. तो आवडतो म्हणून घातला आहे, हें उत्तर ऐकणाऱ्याला अपुरें वाटतें.

ही अंगठी माझ्याकडे कशी आली तें सांगितल्यावांचून माझें म्हणणें आपणांस नीट उमगणार नाहीं.

आत्याचे यजमान १९५१ सालीं वारले. त्या वेळीं ती पंचवीस वर्षांची होती. ती माहेरीं गिरगांवांत परत आली, पुढें शिकली आणि मुलींच्या एका शाळेंत शास्त्र हा विषय शिकवूं लागली. आमचें घर स्वतःला सुधारक म्हणवीत असे. केशवपन, आलवण या गोष्टी आमच्याकडून केव्हांच गेल्या होत्या, आणि त्याबद्दल घरांतील वडील मंडळींना थोडा अभिमानही होता. पण सुधारलेल्या घरांतले नियम कोठें लिहिलेले नसतात, म्हणूनच ते अधिक चिवट असतात. कुंकू नाहीं, बांगड्या नाहींत, गळ्यांत कांहीं नाहीं, आणि साड्या अशा रंगांच्या कीं त्यांना रंग म्हणतांना जीभ अडखळावी. मनगटावरचें घड्याळ तेवढें चालत असे, कारण तें उपयोगाचें. आत्यानें या कशाबद्दल कधीं तक्रार केल्याचें मला आठवत नाहीं.

१९६४ सालीं माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या खरेदीसाठीं घरांतल्या बायका झवेरी बाजारांत गेल्या, तेव्हां आत्याही बरोबर होती. तो काळ सुवर्णनियंत्रणाचा. १९६३ च्या जानेवारीपासून चौदा कॅरटांहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास मनाई झालेली होती, आणि लग्नघरांतून त्या कायद्याला शिव्याशापांचा आहेर चालला होता. मंडळी सोन्याच्या कसाविषयीं दुकानदाराशीं वाद घालीत बसली असतां, आत्या बाजूच्या एका तबकांतले सुटे खडे पाहत होती. त्यांत तिला हा खडा दिसला. इंग्रजींत ज्याला ॲमेथिस्ट म्हणतात तोच हा. आपले जव्हेरी त्याला कटेला किंवा जमुनिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘नशा चढूं न देणारा’ असा आहे. आमच्या घरांत त्या गुणाची परीक्षा पाहण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं. खडा स्वस्त होता. चौदा कॅरटचें सोनें म्हणजे पाणी घातलेलें दूध, त्यापेक्षां चांदी बरी, असें म्हणून तिनें पुढच्या आठवड्यांत एकटीनें जाऊन तो चांदींत बसवून घेतला.

आणि मग ती अंगठी तिच्या पर्समध्यें महिनाभर पडून राहिली. ती बोटांत घालून घरांत कसें यावें, हा तिच्यापुढें प्रश्न होता. शेवटीं ती आमच्या गल्लींतील एका वृद्ध ज्योतिष्याकडे गेली. पत्रिका नेली नाहीं, अंगठीच पुढें ठेवली आणि विचारलें, “हा खडा कोणत्या ग्रहाचा?” ते म्हातारे गृहस्थ चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “नीलम परवडत नाहीं त्यांना शनीसाठीं हा देतात. बाई, आपल्याला साडेसाती चालू आहे असें घरीं सांगा. मीं सांगितलें म्हणून सांगा.” दक्षिणा त्यांनीं घेतली नाहीं.

घरीं आजीनें अंगठी पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, शनीचें नांव ऐकलें आणि हात जोडले. विषय संपला. साडेसाती साडेसात वर्षांत सरते हें पंचांग पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक असतें. आत्याची मात्र तीस वर्षें चालली, आणि आमच्या घरांत तीं वर्षें कोणीही मोजलीं नाहींत.

आतां या ग्रहांच्या आणि खड्यांच्या नात्याकडे शास्त्राच्या डोळ्यांनीं पाहिलें तर मोठी मौज आढळते. माणिक हें सूर्याचें रत्न आणि नीलम हें शनीचें. सूर्य आणि शनि हे बापलेक, आणि त्यांचें हाडवैर. पण माणिक आणि नीलम हे दोन्ही जातीनें एकच, कुरुंदाचे. ज्या कुरुंदावर आपल्याकडे सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत, त्याचाच निर्मळ स्फटिक. त्यांत क्रोमियमचा लेश मिसळला कीं तांबडा होतो, लोह आणि टिटॅनियम मिसळलें कीं निळा होतो. कटेल्याची गंमत याहून अधिक. हा खरा म्हणजे साधा गारेचाच स्फटिक. त्यांत लोहाचा अंश असतो आणि खडकांतील नैसर्गिक किरणोत्सर्गानें त्याला जांभळी झांक येते. तोच भट्टींत चांगला तापविला कीं बहुधा पिवळा होतो, आणि असा पिवळा झालेला खडा सुनेला या नांवानें बाजारांत विकला जातो. सुनेला हा पुष्कराजाऐवजीं द्यावयाचा, म्हणजे गुरूचा. सकाळीं शनीचा असलेला दगड संध्याकाळीं भट्टींतून गुरूचा होऊन बाहेर पडतो. आकाशांतील त्या दोन ग्रहांना याची कांहीं वार्ता असेल असें वाटत नाहीं.

किंमतीची गोष्टही अशीच आहे. युरोपांत एके काळीं हा जांभळा खडा माणिक-पाचूंच्या पंक्तीला बसत असे; राजमुकुटांत आणि धर्मगुरूंच्या अंगठ्यांत त्याला मान होता. एकोणिसाव्या शतकांत ब्राझील देशांत त्याचे मोठे सांठे सांपडले आणि भाव कोसळला. दगड होता तोच, रंग होता तोच. काल जो डोळ्यांना सुंदर दिसत होता तो आज दिसेनासा झाला असेल, तर काल आपण खड्याकडे पाहत नव्हतों, भावाकडे पाहत होतों, असेंच म्हणावें लागेल. याच्या उलटही घडतें. इंग्लंडच्या राजमुकुटावरील ‘ब्लॅक प्रिन्सचें माणिक’ हें माणिक नसून लालडी आहे. शतकानुशतकें त्याला माणिक म्हणून मान दिला, आणि शोध लागल्यावरही त्याचा रंग काडीमात्र उतरला नाहीं.

कोणीं काय घालावें हें दुसऱ्यानेंच ठरवावयाचें, ही वहिवाट आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत रत्नांचीं लक्षणें दिलीं. त्यांत हिऱ्याचे रंग चार वर्णांना वांटून दिलेले आहेत. पांढरा ब्राह्मणाचा, तांबडा-पिवळा क्षत्रियाचा, अशी ती वांटणी. आणि ज्या स्त्रियांना पुत्राची इच्छा आहे त्यांनीं हिरा मुळींच घालूं नये, असें कित्येक जाणत्यांचें मत तो तेथें नमूद करतो. म्हणजे हिरा कसा ओळखावा याच्या पाठोपाठच तो कोणीं घालूं नये हा प्रश्न आलाच. आपल्या घरांतल्या आवडीनिवडीही पुष्कळशा अशाच ठरलेल्या. पेशवाईपासून चालत आलेलीं मोतीं, नथेंतला एक तांबडा आणि एक हिरवा खडा, तन्मण्याचें खोड, एवढें घरंदाज, बाकीचे रंग अंगावर आले कीं “काय नाटकांत कामाला निघालीस?” हा प्रश्न मीं माझ्या आईच्या तोंडून ऐकलेला आहे. मला स्वतःला मोतीं आवडत नाहींत. तीं सुंदर आहेत हें मी कबूल करतें. पण तीं पाहून मला नेहमीं पाहुण्यांसमोर गप्प बसविलेल्या मुलींची आठवण होते.

१९६५ च्या मे महिन्यांत आत्या मला घेऊन वज्रेश्वरीस गेली. मी तेव्हां अकरा वर्षांची होतें. तिचे गुडघे फार दुखत, आणि अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत पांच-सहा दिवस स्नान करावें असें तिला कोणीं तरी सुचविलें होतें. आम्ही वसई रोड स्टेशनावर उतरून एस. टी.च्या मोटारीनें गेलों. ज्या तानसेवर धरण बांधून मुंबईला १८९२ पासून पाणी पुरविलें जात आहे, तीच नदी येथें कुंडांच्या बाजूनें वाहते. नदीचें पाणी थंड आणि दहा पावलांवर कुंडाचें पाणी पाय पोळविणारें, हें पाहून मी थक्क झालें होतें. कुंडावर गंधकाचा वास येई. आत्यानें पहिल्याच दिवशीं नाक वर करून मला विचारलें, “कशाचा वास?” आणि मीं उत्तर दिल्यावर पाठ थोपटली. ती सुटींतही शिक्षिकाच असे.

तिसऱ्या दिवशीं कुंडांत उतरतांना ती अंगठी काढावयास विसरली. रोज ती पदराच्या गांठींत बांधून ठेवीत असे. अर्ध्या-पाऊण तासानें हात पाण्याबाहेर काढला, तों चांदी काळीभोर झालेली. खडा तेवढा तसाच चमकत होता. शेजारीं स्नान करणाऱ्या दोघीतिघी बायकांनीं तें पाहिलें. त्यांतील एका वयस्कर बाईनें विचारलें, “शनीची का हो?” आत्या “हो” म्हणाली. झालें! “पीडा ओढून घेतली हो अंगठीनें, केवढी पीडा होती बघा,” असें म्हणून त्या बाईनें अंगठीला दोन्ही हातांनीं नमस्कार केला, आणि मागून दुसऱ्या दोघींनींही केला.

चांदीला गंधक लागलें कीं ती काळी पडते, हें मला ठाऊक होतें. मला तें शिकविलें होतें आत्यानेंच, आणि तेंही उकडलेल्या अंड्यांत चांदीचा चमचा बुडवून. मी उत्साहानें तोंड उघडलें. इतक्यांत पाण्याखालीं तिनें माझें मनगट घट्ट धरलें. इतकें घट्ट, कीं त्याचा वळ संध्याकाळपर्यंत राहिला होता. मी गप्प बसलें.

त्याच दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आम्ही देवळांत गेलों. वज्रेश्वरीचें देऊळ उंचावर आहे. गडासारखा दरवाजा आणि वर नगारखाना. चिमाजी अप्पानें वसईच्या मोहिमेंत देवीला नवस केला आणि १७३९ सालीं किल्ला हातीं आल्यावर तो फेडला, ही गोष्ट तेथें कोणीही सांगतो. बावन्न दगडी पायऱ्या आणि दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांनीं बांधून दिलेल्या. याच घराण्यांतील खंडेराव महाराजांनीं १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक गालिचा करविला होता. त्यांत हिरे, माणकें, पाचू आणि नीलम जडविलेले होते, आणि तो मदीनेस अर्पण करावयाचा त्यांचा संकल्प होता. तो मदीनेस पोंचला नाहीं. २००९ सालीं दोहा येथें लिलांवांत सुमारें ५५ लाख डॉलरांस विकला गेला, आणि पुढें कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जाऊन बसला. रंगाची इतकी हौस ज्या घराण्यांत होती, त्यानें येथें मात्र काळा दगडच घडवून दिला. या पायऱ्यांचा दगड पाहिला कीं मला नेहमीं वाटतें, याच जातीच्या दख्खनी खडकाच्या पोकळ्यांत गारा, अकीक आणि कोठें कोठें जांभळे स्फटिकही वाढलेले सांपडतात. सोन्याच्या शोधांत असणाऱ्यांची नजर त्यांवर ठरत नाहीं एवढेंच.

गाभाऱ्यांत देवी शेंदरी वर्णाची, हातांत खड्ग आणि गदा. इंद्रानें रागानें वज्र फेकलें आणि तें देवीनें आपल्यांत जिरविलें, म्हणून ती वज्रेश्वरी. वज्र म्हणजे इंद्राचें आयुध, आणि वज्र म्हणजे हिराही. पण हिऱ्याचें नांव धारण करणाऱ्या त्या देवीच्या अंगावर हिरा नव्हता. मुकुट चांदीचा, दागिने चांदीचे, वरची छत्री चांदीची. आत्यानें आपल्या काळ्या पडलेल्या अंगठीकडे पाहिलें आणि हळूच म्हणाली, “हिला बरी कुंडांत उतरावें लागत नाहीं.” मग पायऱ्या उतरतां उतरतां तिनें मला ज्योतिष्याची सगळी हकीकत सांगितली, आणि म्हणाली, “मला हा रंग आवडतो, एवढेंच. कोणाला सांगूं नकोस.”

गिरगांवांत परत आल्यावर तिनें ॲल्युमिनियमच्या एका पातेल्यांत कढत पाणी, मीठ आणि खाण्याचा सोडा घालून त्यांत अंगठी बुडविली. सडक्या अंड्यासारखी किंचित् घाण सुटली आणि चांदी पुन्हां पांढरी झाली. चांदीला चिकटलेलें गंधक तिला सोडून कसें जातें, तें तिनें मला वहींत लिहून दाखविलें. नाजूक किंवा तडा गेलेले खडे मात्र अशा कढत पाण्यांत घालूं नयेत, आणि मोत्यांना व पेरोजाला तर सोडा दाखवूंही नये, हें जातां जातां सांगून ठेवतें. जांभळ्या खड्याला भीति आहे ती उन्हाची. वर्षानुवर्षें कडक उन्हांत राहिला तर तो फिका पडतो.

मीं तें गुपित पाळलें. पण मनांतून मला तें पटलें नव्हतें. १९७४ सालीं, वीस वर्षांच्या वयांत माणसाला जेवढें सत्य बोलतां येतें तेवढें सगळें मीं एके दिवशीं तिला ऐकविलें. शास्त्र शिकविणारी बाई शनीच्या आड लपते, वर्गांत एक सांगते आणि घरांत दुसरें. हा दुटप्पीपणा आहे, आणि तिच्यासारख्यांमुळेंच अडाणी समजुती टिकून राहतात, असें मी म्हणालें. त्या दिवशीं मीं स्वतः एक नवें कर्णभूषण घातलेलें होतें, हिरव्या खड्याचें, मैत्रिणीच्या आग्रहानें घेतलेलें. आत्यानें तिकडे पाहिलें आणि शांतपणें म्हणाली, “तुला हवें तें घालतां येतें, म्हणून तुला खरें बोलतां येतें.” एवढें म्हणून ती वह्या तपासूं लागली. मीं तिची क्षमा मागितली नाहीं. पुढें पुष्कळ वर्षें मागावयाची ठरवीत राहिलें.

१९९४ सालीं ती गेली. तेराव्याच्या दिवशीं तिच्या वस्तू वांटतांना अंगठी निघाली, तेव्हां कोणीही ती घेण्यास तयार होईना. दुसऱ्याचा शनि आपल्या घरीं कोण आणील? नदींत सोडून द्यावी असें एकानें सुचविलें. त्या वेळीं मीं ती हकीकत सांगितली. सर्वांच्या देखत, ज्योतिष्यासकट. कोणी फारसें कांहीं बोललें नाहीं. माझ्या थोरल्या काकांनीं, म्हणजे आत्याच्या भावानें, बऱ्याच वेळानें एवढेंच विचारलें, “मग तिनें आम्हांला तसें सांगितलें कां नाहीं?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. त्या प्रश्नाचें उत्तर त्यांना ठाऊक नव्हतें असें मला वाटत नाहीं.

तेव्हांपासून ती मी घालतें. माझी स्वतःची आवड सांगावयाची, तर एका वेळीं एकच खडा असावा आणि तो मागून उघडा असावा. जुन्या कोंदणांत खड्याखालीं डांक घालून रंग खुलवीत. तें काम मोठ्या कसबाचें, पण त्यांत प्रकाश समोरूनच शिरतो आणि समोरूनच परततो. उघड्या बैठकींतल्या खड्याला दिवसाचे प्रहर कळतात. हा जांभळा खडा सकाळीं निळसर दिसतो, दिव्याखालीं तांबूस होतो. खडूच्या धुळीनें पांढरा झालेला आत्याचा हात फळ्यावर फिरत असे तेव्हां तिच्या साऱ्या अंगावर रंगाचा तेवढाच एक ठिपका असे. तिच्या विद्यार्थिनी आतां आजीबाई झाल्या आहेत, त्यांतल्या कांहींना धडे आठवत नाहींत पण तो ठिपका आठवतो.

२०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें, विधवा स्त्रीच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें, मंगळसूत्र काढणें या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारनें इतर गांवांनींही तें उदाहरण घ्यावें असें सुचविलें. वर्तमानपत्रांत तें वाचलें त्याच आठवड्यांत मी वज्रेश्वरीस गेलें. पायऱ्या चढणें आतां मलाही जड जातें. निम्म्यावर बसावें लागलें. खालीं उतरल्यावर फुलें विकणाऱ्या एका बाईकडे वेणी घेतली. पैसे देतांना तिची नजर अंगठीवर गेली. तिचें स्वतःचें कपाळ मोकळें होतें.

“शनीची का, आजी?”

“नाहीं ग. रंग आवडतो म्हणून.”

तिनें माझा हात धरून उन्हाकडे केला, बोट इकडून तिकडे फिरवून पाहिलें आणि हंसली. “जांभळाचाच रंग आहे,” ती म्हणाली. “आमच्या घरामागें झाड आहे मोठें. पाऊस पडायच्या आधीं या, देते.”